नोंदवहीत न सापडलेली माणसे

एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपल्यापैकी बहुतेक जण चाळून पुढे जातात. बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेस परतलेल्या घराण्यांची ती लांबलचक यादी आहे. नावे आणि आकडे, आकडे आणि नावे. परंतु वाचकहो, त्या यादीच्या शेवटाकडे (एज्रा २:५९-६३) अशा काही लोकांचा उल्लेख आहे की, ज्यांना आपल्या पूर्वजांचे घराणे दाखवता आले नाही. त्यांनी वंशावळीच्या नोंदवहीत आपले नाव शोधले, पण ते मिळाले नाही. त्यांत याजकांचेही एक कुळ होते. त्या कुळाच्या मूळ पुरुषाने बर्जिल्लय गिलादी याच्या मुलीशी लग्न केले होते आणि तो सासऱ्याच्या घराण्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला होता. सासुरवाडीचे नाव लावले, एवढ्याने पुढच्या पिढ्यांचा याजकपणाचा हक्क अडकून पडला.

हा प्रसंग नीट वाचला म्हणजे मनात एक प्रश्न उभा राहतो. माणसाचे नाव म्हणजे काय? ती त्याची मालमत्ता आहे की इतरांनी त्याला मारलेली हाक? आणि आपण आपल्या पूर्वजांचा शोध घेतो तेव्हा नेमके काय शोधत असतो? माणसे, की आपल्याला मिरवता येईल असे एखादे नाव? या प्रश्नाचा विचार करताना आपल्यापासून फार दूरच्या एका ख्रिस्ती समाजाचे उदाहरण मला उपयोगी वाटते. तो समाज म्हणजे कॅनडातील फ्रेंच भाषिक लोक. त्यांच्याइतक्या काटेकोर नोंदी ठेवलेला समाज क्वचितच आढळेल, आणि त्यांच्याइतका नावांचा गोंधळही क्वचितच आढळेल.

प्रथम नोंदींविषयी. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने धर्मगुरूंना बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणे भाग पडले. पुढे १५६३ मध्ये त्रेंतच्या धर्मसभेने विवाहाची नोंद प्रत्येक धर्मग्रामात झाली पाहिजे असा नियम केला. १६०८ मध्ये सॅम्युएल द शांप्लँ याने क्वेबेकची वसाहत स्थापन केली आणि १६२१ पासून तेथे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी सुरू झाल्या. १६४० साली तेथील चर्चला आग लागली आणि पहिली नोंदवही भस्मसात झाली. तेव्हा धर्मगुरूंनी लोकांना विचारून, आठवणीवरून, ती पुन्हा लिहून काढली. वसाहत लहान होती; कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, कोणाचे लग्न कोणाशी लागले, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. वही जळाली तरी मंडळीची आठवण शिल्लक राहिली. १६६७ च्या राजाज्ञेपासून नोंदींच्या दोन प्रती ठेवण्यात येऊ लागल्या. १९९३ च्या अखेरपर्यंत क्वेबेकमध्ये चर्चची नोंदवही हीच सरकारी नोंदवही मानली जात असे; १९९४ पासून ते काम सरकारी खात्याकडे गेले. या वह्यांच्या आधारे सिप्रिएँ तांगे नावाच्या धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांचा सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला.

इतकी चोख नोंद असताना गोंधळ कशाचा? त्याचे उत्तर एका छोट्या शब्दात आहे. फ्रेंच भाषेत तो शब्द 'दि' असा उच्चारतात. त्याचा अर्थ 'म्हटलेला'. स्त्रीसाठी 'दित', म्हणजे 'म्हटलेली'. आपण मराठीत 'ऊर्फ' म्हणतो तेच. पिएर युदों दि बोल्यू, म्हणजे बोल्यू म्हणून ओळखला जाणारा पिएर युदों. पिएर मिव्हील दि ल स्विस, म्हणजे स्वित्झर्लंडचा म्हणून ओळखला जाणारा पिएर मिव्हील. ही ऊर्फनावे अनेक वाटांनी आली. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव देण्याची प्रथा होती. १६६५ मध्ये कॅरिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे बाराशे शिपाई कॅनडात आले. त्यांपैकी सुमारे चारशे तेथेच स्थायिक झाले. शेतकरी बनलेल्या अशा शिपायांबरोबर त्यांची टोपणनावेही जमिनीत रुजली. लाफ्लर म्हणजे फूल, सां-सूसी म्हणजे निश्चिंत, जोलिकर म्हणजे गोड हृदयाचा, व्हादबोंकर म्हणजे आनंदी मनाने पुढे जाणारा, त्रांशमोंताञ म्हणजे डोंगर कापून जाणारा. काहींना फ्रान्समधील मूळ गावावरून नाव मिळाले, काहींना शेताच्या नावावरून. एकाच आडनावाची अनेक घरे एका गावात झाली म्हणजे त्यांना वेगळे ओळखण्यासाठीही ऊर्फनाव लागे.

पुढे एक-दोन पिढ्यांनी काय घडे? एक भाऊ मूळ आडनाव लावी, दुसरा ऊर्फनाव लावी, तिसऱ्याच्या नोंदीत दोन्ही येत. पिएर युदों याचे वंशज आज काही युदों आहेत, काही बोल्यू. रक्त एकच, नावे दोन. उलट, लाफ्लर हे टोपणनाव एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या कित्येक शिपायांना मिळालेले होते. म्हणून आज दोन लाफ्लर भेटले तर ते नात्याचे असतीलच असे नाही. नाव एक, रक्त भिन्न. तांगे यांना आपल्या शेवटच्या खंडात अशा बदललेल्या नावांची स्वतंत्र यादी द्यावी लागली. एज्राच्या काळातील बर्जिल्लयाच्या कुळाची अडचण या लोकांना क्षणात समजली असती.

बायबलचे भाषांतर करणाऱ्याला हा 'दि' शब्द परका वाटत नाही. नव्या करारात पानोपानी तो आपल्याला भेटतो. ग्रीक भाषेत 'लेगोमेनोस' असा शब्द आहे. त्याचाही अर्थ 'म्हटलेला'. दिदुम म्हटलेला थोमा, पेत्र म्हटलेला शिमोन. प्रेषितांच्या कृत्यांत (१:२३) ज्या योसेफाचे नाव यहूदाच्या जागेसाठी पुढे आले त्याला तर बर्सबा म्हणत आणि युस्त हे त्याचे उपनाव होते. एका माणसाला तीन नावे, तीही वेगवेगळ्या भाषांतील. 'दिदुम' म्हणजे जुळा. त्या थोमाचे जुळे भावंड कोण होते हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही, पण ते भावंड या नावातून आजही सूचित होते. भाषांतर करताना प्रश्न पडतो की, नावाचा अर्थ द्यावा की उच्चार द्यावा? अर्थ दिला तर नाव हरवते, उच्चार दिला तर अर्थ हरवतो. दोन्ही राखायचे असेल तर मधे 'म्हटलेला' हा शब्द ठेवावाच लागतो. तो शब्द आपल्याला एक गोष्ट शिकवतो. नाव हे मुळात दुसऱ्याच्या तोंडचे असते. माणूस स्वतःला हाक मारत नाही. इतर त्याला हाक मारतात, तो ओ देतो.

फ्रेंच-कॅनेडियन लोकांच्या पहिल्या नावांतही हेच तत्त्व दिसते. पुढच्या काळात तेथे अशी चाल पडली की, मुलाच्या बाप्तिस्म्यात प्रथम योसेफ आणि मुलीच्या बाप्तिस्म्यात प्रथम मरिया हे नाव द्यावयाचे. त्यानंतर बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे नाव. आणि सर्वांत शेवटी घरात हाक मारण्याचे नाव. त्यामुळे नोंदवहीत एकाच घरात चार-चार योसेफ आढळतात आणि प्रत्यक्षात त्यांपैकी एकालाही कोणी योसेफ म्हणून हाक मारीत नसे. मूल दगावले तर पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव देत. म्हणून पूर्वजाची जन्मतारीख सापडली अशा समजुतीत असलेल्या शोधकाच्या हाती खरोखर त्या पूर्वजाच्या मृत भावाचा जन्म आलेला असतो.

विवाहाच्या नोंदीत मात्र एक फार मोलाची गोष्ट असे. वधू आणि वर या दोघांच्याही आईवडिलांची नावे तीत लिहीत, आणि आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहीत. स्त्री मरेपर्यंत कागदोपत्री आपल्या माहेरच्या नावाने ओळखली जाई. म्हणून वंशशोधक विवाहावरून विवाहावर असे पाऊल टाकीत मागे जातो आणि वडिलांच्या वंशाइतकाच आईचा वंशही त्याला सापडतो. फक्त पुनर्विवाह असला तर आईवडिलांऐवजी दिवंगत जोडीदाराचे नाव लिहीत; तेथे एक पायरी बाजूला जावे लागते. क्वेबेकच्या कायद्यानुसार १९८१ पासून तर विवाहानंतरही स्त्रीचे जन्माचे नावच तिचे कायदेशीर नाव राहते. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे आडनावच नव्हे, कित्येक घरांत तिचे पहिले नावही बदलले जात असे. आपल्या पणजीच्या आईचे माहेरचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आता नावांचा तिसरा फेरा. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख लोक क्वेबेकमधील शेती सोडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले. त्यांतील बरेच जण न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत कामाला लागले. तेथे इंग्रजी बोलणाऱ्या मुकादमाला आणि कारकुनाला त्यांची नावे उच्चारता येईनात. मग ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला, ल्ब्लांचा व्हाइट, रुआचा किंग, लेव्हेकचा बिशप. काही नावांचे भाषांतर न होता नुसता उच्चार मोडला. बेन्वाचा बेनवे झाला. काहींनी हे आपखुशीने केले, काहींवर ते लादले गेले, आणि पुष्कळांच्या बाबतीत या दोहोंमधली रेषा सांगणे कठीण आहे. पोटासाठी माणूस जे स्वीकारतो त्याला आपखुशी म्हणावे काय, हाही प्रश्नच आहे.

याच स्थलांतरितांच्या वस्तीत, लोवेल या गिरणगावात, १९२२ साली जॅक केरूआक हा पुढे प्रसिद्ध झालेला अमेरिकन लेखक जन्मला. त्याच्या घरची भाषा फ्रेंच होती. आपले घराणे ब्रिटनी प्रांतातले आहे अशी कुटुंबात आठवण होती. १९६५ मध्ये तो स्वतः पॅरिसला आणि ब्रिटनीला गेला, आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेण्यासाठी. पण हाती काही न लागता परतला. १९६९ मध्ये तो वारला. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी संशोधकांना उलगडा झाला. त्याचा कॅनडात आलेला पूर्वज हा ब्रिटनीतील युएलगोआत या गावच्या एका नोटरीचा मुलगा होता. त्याचे खरे नाव युर्बँ-फ्रांस्वा ल बियां द केर्व्होआक. कॅनडात मात्र तो निराळ्याच नावाने वावरला, त्याच बदललेल्या नावाने त्याने लग्न केले आणि १७३६ मध्ये कामुरास्का येथे मरण पावला. पणतू-खापरपणतू ज्या नावाच्या मागे लागले होते ते नाव पूर्वजाने स्वतःच झाकून टाकले होते.

येथे पहिला नैतिक प्रश्न समोर येतो. एखाद्याने आपले नाव मुद्दाम लपवले असेल तर ते उघड करण्याचा अधिकार वंशजाला आहे काय? मृत माणसाला विसरले जाण्याचा हक्क असतो काय? याचे उत्तर सोपे नाही. माणूस नवा देश, नवे नाव घेतो तेव्हा पुष्कळदा त्याला नव्याने जगायचे असते. आणि नव्याने जगू देणे ही तर सुवार्तेची भाषा आहे. तेव्हा केवळ कुतूहलापोटी एखाद्याची झाकलेली जखम उघडी करणे योग्य नव्हे. परंतु दुसरीही बाजू आहे. नाव लपवल्याने त्या माणसाची मागे राहिलेली माणसे, त्याची वाट पाहणारी आई, त्याने दुखावलेला शेजारी, हेही लपतात. तीन शतकांनंतर त्या माणसाचे नुकसान होण्याजोगे काही उरलेले नाही; पण त्याच्या मागे राहिलेल्यांची दखल मात्र अजून घेता येते. माझ्या समजुतीप्रमाणे कसोटी ही असावी: मी हे कोणाला लज्जित करण्यासाठी शोधतो आहे की कोणाची तरी आठवण पुरी करण्यासाठी? पहिला हेतू चहाडखोरीचा, दुसरा साक्षीचा. पवित्र शास्त्राने याकोबाची फसवणूक झाकली नाही आणि दाविदाचे पाप झाकले नाही. पण ती कथा सांगताना त्यांचा उपहासही केला नाही.

दुसरा प्रश्न निवडीचा आहे. हिशोब साधा आहे. मला दोन आईवडील, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. असे दहा पिढ्या मागे गेले की त्या एका पिढीत १०२४ पूर्वजांच्या जागा होतात. माझे आडनाव त्या १०२४ पैकी फक्त एका माणसाकडून आलेले असते. बाकीच्या १०२३ जागा आडनावाच्या दृष्टीने मुक्या आहेत. क्वेबेकसारख्या समाजात, जेथे लाखोंचा वंश काही हजार वसाहतकऱ्यांपर्यंत जातो, तेथे तीच माणसे अनेक जागांवर पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे तेथे नामवंत पूर्वज सापडणे फारसे अवघड नाही. आणि ज्याची लाज वाटावी असा सापडणेही अवघड नाही. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने सुमारे ७७० तरुणी लग्नासाठी या वसाहतीत पाठवण्यात आल्या. 'राजाच्या मुली' असे त्यांना म्हणत, पण त्यांपैकी अनेक जणी अनाथ आणि निर्धन होत्या. नंतरच्या काळात कोणी त्यांना राजकन्या मानून मिरवले, तर कोणी त्यांच्या चारित्र्याविषयी कुजबुज केली. त्या जशा होत्या तशा, म्हणजे हलाखीतून निघून समुद्र ओलांडून आलेल्या आया म्हणून, त्यांच्याकडे पाहणे दोन्ही पक्षांना जड गेले.

प्रभू येशूची वंशावळ लिहिताना मत्तयापुढेही निवड होती. त्याने चार स्त्रिया घेतल्या: तामार, राहाब, रूथ, आणि चौथी. चौथीचे नाव त्याने दिलेच नाही. मूळ ग्रीकमध्ये (मत्तय १:६) 'बथशेबा' हे नाव नाही, इतकेच काय, 'पत्नी' हा शब्दही नाही; नुसते 'उरीयाची जी तिच्यापासून' अशा अर्थाचे शब्द आहेत. भाषांतरकाराला 'पत्नी' किंवा 'बायको' हा शब्द घालावा लागतो. एका परीने तिचे नाव न घेणे हा तिच्यावर अन्यायच आहे. पण दुसऱ्या परीने पाहिले तर राजवंशाच्या यादीत, दाविदाच्या नावाला लागूनच, ज्याचा घात झाला त्या हित्ती शिपायाचे नाव मत्तयाने कायमचे कोरून ठेवले. उरीया येशूचा पूर्वज नव्हता. रक्ताच्या नियमाने त्याचे नाव तेथे येण्याचे कारण नव्हते. ते आले ते सत्याच्या नियमाने. वंशावळीत केवळ आपल्याला जन्म देणारे नसावेत. आपल्या पूर्वजांनी ज्यांचे हिरावून घेतले तेही असावेत, हा धडा मला त्या एका ओळीत दिसतो.

हा धडा कॅनडातील वंशशोधकाला थेट लागू पडतो. लुई एबेर आणि मारी रोले हे दांपत्य १६१७ मध्ये क्वेबेकला आले. तेथे शेती करून राहिलेले पहिले फ्रेंच कुटुंब म्हणून त्यांचा मान आहे आणि असंख्य लोक आपला वंश त्यांच्यापर्यंत नेतात. त्यांची मुलगी गियोमेत, जावई गियोम कुयार. याच कुयारांच्या घरात एक मुलगा होता. मादागास्कर बेटावरून आणलेला, १६२९ मध्ये क्वेबेकला पोचलेला आणि विकला गेलेला. कॅनडात कायम राहिलेला पहिला ज्ञात आफ्रिकी मनुष्य तो हाच. येशूसंघीय धर्मगुरू पॉल ल ज्यून त्याला शिकवत. बाप्तिस्म्याने तूही आमच्यासारखा होशील असे त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्या बालकाने विचारले की मग माझी कातडी काढणार काय? हे त्या धर्मगुरूंनीच लिहून ठेवले आहे. १६३३ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वसाहतीतील अधिकारी ओलिव्हिए ल तार्दीफ यांच्यावरून त्याला ओलिव्हिए हे नाव मिळाले आणि धर्मगुरूंवरून ल ज्यून हे आडनाव. १६५४ साली तो मरण पावला तेव्हा नोंदवहीत तो 'घरकामाचा नोकर' म्हणून लिहिला गेला. आईने ठेवलेले त्याचे नाव कोणी नोंदले नाही.

योगायोग पाहा. याच ल तार्दीफ यांनी सांभाळलेली एक आदिवासी मुलगी होती, मारी-ओलिव्हिए सिल्व्हेस्त्र. १६४४ मध्ये क्वेबेक येथे तिचा विवाह मार्तां प्रेव्हो या फ्रेंच माणसाशी झाला. तेथील फ्रेंच आणि आदिवासी यांच्यातील हा पहिला नोंदलेला विवाह. तिच्या पित्याचे मानितुआबेविश हे नाव तिच्या नावामागे टिकले आणि आज अनेक कुटुंबे तिला अभिमानाने आपली पूर्वज म्हणतात. एकाच माणसाची नावे लावलेली ही दोन लेकरे. एकीचा वंश मोजला जातो, दुसऱ्याचा थांबलेला आहे. आणि तो एकटाच नव्हता. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी जुन्या नोंदी चाळून फ्रेंच कॅनडातील सुमारे ४२०० गुलामांचा माग काढला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश आदिवासी होते. पुष्कळांची नोंद केवळ एका पहिल्या नावाने व मालकाच्या नावाने आहे. काहींची त्याहूनही कमी. विशेष हे की, हा माग ज्या वह्यांतून निघाला त्यांत चर्चच्या वह्याही होत्या. ज्या हाताने अन्याय लिहिला त्याच हाताने पुरावाही जपला.

उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात साराय आणि अब्राम हागारेविषयी बोलतात तेव्हा ते तिला दासी म्हणतात. तिचे नाव त्यांच्या तोंडी एकदाही येत नाही. रानात झऱ्याजवळ तिला नावाने प्रथम हाक मारतो तो परमेश्वराचा दूत. दानीएल आणि त्याचे सोबती यांना बाबेलच्या दरबारात नवी नावे मिळाली. पण शास्त्राने त्यांची मूळ नावे आपल्यासाठी राखून ठेवली. मानवी वहीत ज्याला नाव नाही, त्याला देवाच्या ठायी नाव आहे, असा आपला विश्वास आहे. मात्र हा विश्वास आपल्या आळसाला निमित्त होऊ नये. देव त्यांना ओळखतो, तेव्हा आपण शोधण्याचे कारण नाही, असे म्हणणे म्हणजे देवाच्या स्मरणशक्तीवर आपले कर्तव्य सोपवून मोकळे होणे होय.

येथे एक आक्षेप येईल. पूर्वजांच्या पापाचा भार वंशजांवर का घालता? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर स्पष्ट सांगितले आहे की, बापाच्या अपराधाचा दोष मुलावर नाही. आक्षेप योग्य आहे. दोष वारशाने येत नाही. परंतु ऋण वारशाने येते. बापाने घेतलेले शेत मुलगा नांगरत असेल, तर ते कोणाकडून व कसे घेतले हे विचारण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणूनच नहेम्याच्या नवव्या अध्यायात लोक उभे राहून आपल्या पापांबरोबर वाडवडिलांचे अपराधही पदरी घेतात. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली अशी मागणी केली की, निवासी शाळांत ज्या आदिवासी मुलांची नावे बदलली गेली त्यांना व त्यांच्या कुटुंबांना आपली मूळ नावे विनाशुल्क परत घेता यावीत. त्या शाळांपैकी अनेक चर्चने चालवलेल्या होत्या. नाव परत केल्याने सगळे परत मिळत नाही. तरी ते ऋणफेडीचा एक हप्ता ठरते.

वाचकहो, तुम्ही इंदूर, बडोदे, हैदराबाद, वसई, अहमदनगर, कोठेही असा. हा प्रश्न कॅनडाचाच राहत नाही. त्रेंतच्या ज्या नियमाने क्वेबेकच्या वह्या सुरू झाल्या, तोच नियम पोर्तुगीज अमलाखालील वसईच्या धर्मग्रामांतही लागू होता, आणि तेथेही बाप्तिस्म्याबरोबर परदेशी आडनावे आली. इतरत्र मराठी ख्रिस्ती घराण्यांनी आपली जुनी आडनावे तशीच ठेवली. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान उरली. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न नेहमीच निरागस नसतो. त्यामागे 'मूळचे कोण?' हा दुसरा प्रश्न लपलेला असतो, आणि तो चर्चच्या आवारात, विशेषतः सोयरीक जुळवताना, आजही विचारला जातो. वंशशोधाचा असा उपयोग होत असेल तर पौलाने तीमथ्याला दिलेली अनंत वंशावळ्यांविषयीची सूचना (१ तीमथ्य १:४) आपल्यासाठीच आहे. ज्या शोधाने माणसे दूर लोटली जातात तो शोध सोडून द्यावा. ज्या शोधाने दूर लोटलेली माणसे पुन्हा मोजली जातात तो शोध धरून ठेवावा.

यासाठी लांब जायला नको. आपल्या मंडळ्यांच्या शताब्दीच्या स्मरणिका उघडून पाहा. परदेशी मिशनऱ्यांची पूर्ण नावे, जन्ममृत्यूच्या तारखा, छायाचित्रे, सर्व काही असते. त्यांनी ते श्रमाने मिळवले आहे. त्याविषयी कुरकुर नको. पण त्यांच्याबरोबर उन्हातान्हात गावोगाव हिंडलेली बायबल वुमन, मुलांना अक्षर शिकवणारा खेड्यातला मास्तर, चर्चची घंटा वाजवणारा, दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आलेली पोरकी लेकरे, यांचा उल्लेख पुष्कळदा 'एक बाई', 'एक गृहस्थ', 'काही अनाथ' असा असतो. त्यांची नावे बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत अजून सापडतील. त्या वह्यांना वाळवी लागण्यापूर्वी कोणीतरी ती उतरवून घेतली पाहिजेत. ज्यांना घराण्यातील म्हातारी माणसे अजून लाभली आहेत त्यांनी आजीला तिच्या आईचे माहेर विचारावे, आणि लिहून ठेवावे.

एज्राच्या त्या अध्यायाकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांचे नाव वहीत सापडले नाही त्यांना कोणी बाबेलला परत धाडले नाही. याजकपणापासून ते दूर ठेवले गेले. पण उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत, एवढीच त्या निर्णयाची मुदत होती. वहीचा निर्णय अखेरचा मानला गेला नाही. आणि ज्याने ही यादी लिहिली त्याने वहीत न सापडलेल्यांचीही नावे यादीत लिहिली: दलाया, तोबीया, नकोदा, हबया, हक्कोस, बर्जिल्लय. पुरावा नव्हता, तरी ते आमच्याबरोबर चालत आले, एवढे त्याने नमूद केले. अडीच हजार वर्षांनी आपण ती नावे वाचतो आहोत ती त्या एका लेखकाच्या प्रामाणिकपणामुळे. आपल्या मंडळ्यांच्या वह्यांना असे लेखक मिळोत.